तीसपैकी अकरा

बाथरूममधला नळ पूर्ण सोडलेला होता आणि त्या आवाजाखाली आजी बोलत होती. मी दात घासत दाराबाहेर उभी होते. सात वाजून दहा मिनिटं. आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये सकाळी पाणी जेमतेम पाऊण तास येतं, त्यामुळे नळ असा वाहता सोडणं आमच्याकडे गुन्हा आहे. मी दारावर थाप मारायला हात उचलला आणि तेवढ्यात शब्द कळले. "आज बेस्तरवार. अठरा तारीख. नववा म्हैना. काल एकादस झाली, आज उपास न्हाई. दाढी कालच केलीया, आज करायची न्हाई. गोळी चहाच्या आदी, पांढरी. भाईर जाताना कुलूप न्हाई लावायचं, कडी नुसती वडायची." मग ती थांबली. कुणीतरी तिच्यामागून म्हणत असावं आणि त्याचं संपेपर्यंत ती वाट बघत असावी, एवढा वेळ. मग पुन्हा पहिल्यापासून, "आज बेस्तरवार." माझ्या तोंडातला फेस हनुवटीवर आला. मी फोन बघितला. गुरुवार, अठरा सप्टेंबर. एकादशी खरंच काल होती. वार, तारीख, महिना, सगळं बरोबर, आणि हेच प्रश्न या बाईला मी एक्याऐंशी दिवसांपूर्वी विचारले होते आणि प्रत्येकासमोर शून्य लिहिलं होतं.

मी लिहिलं होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. दुसऱ्या कुणी नाही. एम.एस्सी. झाल्यावर मला ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या एका सर्वेक्षणात नोकरी लागली. घरोघर जायचं, साठीच्या पुढच्या माणसांना तीस गुणांची चाचणी द्यायची, गुण टॅबमध्ये भरायचे. प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी घरातल्या किंवा ओळखीतल्या म्हाताऱ्यांवर तीन सराव चाचण्या घ्या, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी जूनच्या शेवटच्या रविवारी साताऱ्याला गेले. गोडोलीत विश्वजितकाकाचं घर आहे. वर काका आणि सोनियाकाकू, खाली दोन खोल्यांत आज्जा आणि आजी. आज्जा एसटीत कंडक्टर होता, बत्तीस वर्षं. आजी शाळेत गेली नाही. माणदेशात तिच्या वडलांची मेंढरं होती आणि मेंढरांमागे कुणीतरी जावं लागायचं, ती जायची. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर जाड अक्षरांत छापलं होतं की चाचणी देणारी व्यक्ती खोलीत एकटी असावी. मी ते वाचलं होतं. खाली रेघही मारली होती. पण ते बाहेरच्या लोकांसाठी असतं, आपल्या घरात कसली एकटी नि दुकटी, असं मला वाटलं. आज्जा कॉटवर बसला, मी खुर्चीवर, आणि आजी चहा देऊन उंबऱ्यात बसली, स्वयंपाकघरात अर्धी, खोलीत अर्धी.

आज्जाला तारीख आली, वार आला. विसातून तीन, त्यातून तीन, त्यातून तीन, हे त्याने मला वाक्य पूर्ण करू न देता करून टाकलं. सुट्टे पैसे परत देण्यात ज्याचा जन्म गेला त्याला वजाबाकी विचारणं म्हणजे मेंढपाळाला मेंढी ओळखायला सांगणं, हे मला आज कळतं. तेव्हा मी पाचपैकी पाच लिहिलं आणि खूश झाले. आकृती काढताना त्याची पेन्सिल घसरली. पाच शब्द आठवायचे होते, दोन आठवले. तो हसला. "कंडक्टरला मागचं ठिसन कशाला लागतंय गं? त्येनं म्होरलं बघायचं." मीही हसले. त्याची मान कानापर्यंत लाल झाली होती, ते मी बघितलं आणि त्याची कुठेच नोंद केली नाही, कारण फॉर्मवर मानेसाठी रकाना नव्हता. चोवीस गुण. मग आजी. आज वार कोणता, आजी? "काय की बाई." महिना? "म्हाईत न्हाई." आपण कुठल्या गावात आहोत? तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यास्नी इच्यार." पाच शब्दांपैकी एकही नाही. विसातून तीन? ती "सतरा" म्हणाली, मग मागच्या दाराची कडी वाजली, आज्जा उठून परसात चालला होता, आणि ती उठली, त्याच्यामागे गेली, दोन मिनिटांनी त्याला घेऊन परत आली. "कुठं होतो आपण?" म्हणाली. मी अवधानाला शून्य दिलं. ती दोन मिनिटं तिचं सगळं अवधान कुठे होतं, हे विचारायची अक्कल मला नव्हती. एक गोष्ट मात्र मी बघितली होती, आणि गेले एक्याऐंशी दिवस तिचा अर्थ न लावता ती मी डोक्यात तशीच ठेवली होती. तिचं प्रत्येक उत्तर चुकलं की आज्जा थोडा थोडा ताठ बसत होता. शेवटी त्याने मांडी घातली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तिला कुठलं येतंय." मानेचा लाल रंग उतरला होता. आजी खाली बघून हसत होती.

अकरा. तो आकडा मी रात्रीच्या जेवणात सांगितला. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा, भाकरीचा तुकडा मोडत. आज्जा चोवीस, आजी अकरा. गुप्तता पाळण्याबद्दल पुस्तिकेत पूर्ण एक प्रकरण होतं. पप्पा मला घ्यायला आले होते, ते एकदम गंभीर झाले. काका म्हणाला, "अकरा म्हंजे नापासच की." सोनियाकाकूला मग आठवलं की परवाच आईंनी तिला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. पप्पांना आठवलं की फोनवर ती मधेच दुसरीकडेच कुणाशी बोलते. आकडा मिळाला की माणसं त्याला शोभतील अशा आठवणी गोळा करतात. हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलं आणि मला ते शास्त्र वाटलं. मिरजेला मेंदूचे मोठे डॉक्टर आहेत, सांगलीहून जवळ. तात्या, म्हणजे आज्जा, ठणठणीत आहेत, त्यांना हलवायचं कारण नाही. पंधरा मिनिटांत ठरलं. आई थोरल्याकडं, तात्या धाकट्याकडं. आमच्याकडे दोन भाऊ असले की शेताचे दोन भाग होतात, भांड्यांचे होतात, आणि आईबापांचेही होतात. ते कुणाला वावगं वाटत नाही, उलट दोन्ही पोरांनी वाटा उचलला म्हणून भावकी कौतुक करते. पंचावन्न वर्षं एका घरात राहिलेली दोन माणसं त्यांनी पंधरा मिनिटांत वेगळी केली, आणि आधाराला माझा कागद होता. आजीने पिशवी भरली. आठ दिवसांचे कपडे घेतले तिने, चारच लुगडी. तेही मी बघितलं होतं.

बाथरूमचं दार उघडलं. आजी ओले केस पिळत बाहेर आली, मला बघून थबकली. मी तोंड धुतलं नाही, काही नाही, तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेले. पप्पा टेबलाशी फोनवर बातम्या बघत होते. "आजी, आज वार कोणता?" मी विचारलं. तिने पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय की. मला काय कळतंय." पप्पांनी मान हलवून माझ्याकडे बघितलं: बघ, वाढतंय. मग तेच पप्पा आतल्या दिशेने ओरडले, "अगं, आज बिल भरायची शेवटची तारीख आहे का उद्या? आणि माझा चष्मा?" आणि मम्मीने आतून तारीख सांगितली, आणि चष्माही सांगितला. पप्पा पाटबंधारे खात्यात आहेत, बावन्न वर्षांचे. त्यांची चाचणी कुणी घेणार नाही. घेतली तरी मम्मी उंबऱ्यात असेल. ते अंघोळीला जाईपर्यंत मी ओट्याला टेकून उभी राहिले. आजी लसूण सोलत होती. "मी सगळं ऐकलंय," मी म्हणाले. "बेस्तरवार, अठरा तारीख. खोटं बोलू नकोस."

"हळू बोल."

"का हळू बोलू? तुला सगळं येत होतं. मुद्दाम चुकलीस?"

तिने लसणाची पाकळी नखाने दुभंगली. "मग काय त्यांच्यापरीस जास्त मार्क पाडून घिऊ व्हय? त्यांच्या म्होरं बसून?" तिने दुसरी पाकळी घेतली. "तू त्यास्नी चौकोन काडाय लावलास. हात थरथरत हुता. मान लाल झालती. दिसलं न्हाई तुला? एवडी शिकलीस नव्हं?"

कधीपासून, असं मी विचारलं. माझा आवाज नोकरीतला झाला होता; घरोघरी मी याच आवाजात विचारते, लक्षणं साधारण केव्हा सुरू झाली. चार वर्षं, ती म्हणाली, पाचही असतील. एक दिवस पहाटे आज्जा उठला, ट्रंकेतला खाकी काढून घातला आणि दाराशी बसला. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली होती. "मी म्हटलं, आवं, आज सुट्टी हाय तुमाला. व्हय का, म्हणले, आन् काडून ठिवला." मग दर दोन-चार दिवसांनी तीच सुट्टी. मग तिने ठरवून टाकलं, तो उठल्या उठल्या, चहाच्या आधी, त्याला दिवस सांगायचा. वार, तारीख, दाढी, गोळी, कडी. तिने सांगायचं, त्याने मागून म्हणायचं. वर राहणाऱ्या काकाला चार वर्षांत कळलं नाही. कळू नये म्हणूनच तर ती करत होती. तारखांचा माग ठेवायला ती एकेक अंक शिकली होती, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, सत्तरीत. या शिक्षणाचा गुण माझ्या फॉर्मवर आज्जाच्या रकान्यात पडला. तारीख बरोबर, वार बरोबर.

"मग इथं कशाला म्हणतेस? इथं कोण आहे मागून म्हणायला?"

"न्हाई म्हटलं तर दिवस सुरूच हुत न्हाई माजा," ती म्हणाली. "आन् तिकडं त्यास्नी कोण सांगत आसंल?"

मी म्हणाले, तू तेव्हाच का नाही बोललीस, जायचं नाही म्हणून. ती म्हणाली, बोलले असते तर का नाही ते सांगावं लागलं असतं. "मला वाटलं आठ दिसात सोडशीला. शाळंत नापास झालं की घरी धाडत्यात नव्हं?" ती हसली. तिच्या या हसण्याचा मला इतका राग आला की मी तिच्यासमोरची गोळ्यांची पट्टी उचलली. मिरजेच्या डॉक्टरांनी माझा फॉर्म बघून सुरू केलेल्या, विसरण्याच्या गोळ्या. दोन महिने ती त्या खात होती. सकाळी तिला मळमळतं, नळ सोडून ती ओकते, आणि आम्ही म्हणतो वयच झालं. "आणि या? या कशाला गिळतेस?"

"त्या त्यांच्या हायत," ती म्हणाली. "त्यांच्या वाटणीच्या मी खातीया."

आठ वाजता मी काकाला व्हिडिओ कॉल लावला. तो गाडी काढत होता, एमआयडीसीत त्याची पाळी पहिली नसली तरी त्याला घाई असते. आज्जाला दाखव, मी म्हणाले. त्याने फोन खोलीत नेला. आज्जा कॉटवर बसला होता. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, गळ्याचंही, आणि त्या गळ्यात मान अशी होती की दोन बोटं नाही, अख्खा हात आत जावा. "जेवतात का?" मी विचारलं. "रोज इच्यारतो की. तात्या, जेवला का? व्हय म्हणत्यात. सोनिया नऊला डबा ठेवून जाती, संध्याकाळी डबा रिकामा असतोय. आजून काय पायजे?" माझ्या खांद्यामागून आजी पडद्याकडे बघत होती. "पट्टा किती भोकं आत गेलाय इच्यार," ती म्हणाली. काका हसला. "आई, काय पण तुजं." आणि फोन बंद झाला. तिने मात्र मोजलं होतं. "तीन," ती मला म्हणाली. पुढचं तिने काही सांगायची गरज नव्हती. ऐंशी वर्षांच्या माणसाचा पट्टा अडीच महिन्यांत तीन भोकं आत जातो याचा अर्थ काय होतो आणि असाच चालला तर किती दिवस पुरतो, हे गणित मला येतं. मला तेच शिकवलंय.

पप्पा अंघोळीहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. चाचणी चुकली. आजी बरी आहे, आज्जा आजारी आहे, आजीला आज साताऱ्याला नेलं पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मंगळवारी डॉक्टरांची पुढची वेळ आहे. ती मिळायला दीड महिना लागला." मी म्हणाले, रद्द करा. "तू तेव्हा म्हणालीस अकरा. आता म्हणतेस ती मुद्दाम चुकली. तेव्हाचं खरं धरू का आताचं? तेव्हा तर तू कागदावर लिहून दिलं होतंस." त्यांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. "आणि तात्यांचं म्हणशील तर तात्या अजून सातारा ते म्हसवड सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवतात. येतात तुला?" पप्पांच्या डोळ्यांत भीती होती. आई विसरते हे त्यांनी एका रात्रीत, भाकरी खाता खाता मान्य केलं होतं. बाप विसरतो हे मान्य करायला त्यांना खाली बसावं लागलं. आई विसरली तर घरातलं एक माणूस विसरतं. बाप विसरला तर ज्याने आपल्याला नाव दिलं तोच विसरतो. असं काहीतरी असावं. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. आजही आलेली नाही. मी आजीची पिशवी भरली, चारही लुगडी, आणि कामावर येत नाही असा मेसेज टाकला.

एसटीत आजी खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी, आणि इस्लामपूर येईपर्यंत मी फक्त माझ्या फॉर्मांचा विचार करत होते. एकशे त्रेचाळीस भरले होते मी तोपर्यंत. पाटणच्या बाजूला, मिरज तालुक्यात, माधवनगरच्या जुन्या गिरणी कामगारांच्या चाळींत. प्रत्येक घरात एक उंबरा होता. पुरुषाची चाचणी सुरू झाली की उंबऱ्यात एक बाई येऊन बसायची. "आवं, सांगा की, परवा न्हाई का पोळा झाला, मग म्हैना कुठला?" मी तिला हसून गप्प करायचे आणि शेऱ्यात लिहायचे, कुटुंबाचे सहकार्य उत्तम. आणि बाईची चाचणी सुरू झाली की उंबरा रिकामा. नवरा बाहेर पारावर गेलेला, मुलगा म्हणायचा, तिला काय विचारताय, तिला काही येत नाही, मला विचारा. पतीचं नाव या प्रश्नाला निम्म्या बायका पदर तोंडाला लावून भिंतीवरच्या फोटोकडे बोट करायच्या, आणि मी शून्य द्यायचे. आमच्या मॅडमनी मागच्या महिन्यात पडद्यावर आलेख दाखवला होता. दोन रेषा, पुरुषांची वर, बायकांची खाली. बायका जास्त जगतात आणि जास्त विसरतात, असं त्यांनी सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं. आम्हा चौदा जणांत अकरा मुली होत्या. ज्या पुरुषांच्या उंबऱ्यातली बाई आधी गेली त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. ते आमच्या आलेखात नसतातच, ते तोवर मेलेले असतात. आणि जास्त जगलेल्या बाईला नव्वदीत वार कोण सांगणार? नवरा गेलेला, आणि ती स्वतःचं विसरायला लागते तेव्हा तिच्यामागे कुणीच बसलेलं नसतं. तिचा प्रत्येक शून्य उघड्यावर पडतो. त्याला आम्ही जास्त विसरणं म्हणतो. मला त्या पडद्यावरच्या दोन्ही रेषा नखांनी खरवडाव्याशा वाटत होत्या. कऱ्हाडला आजी म्हणाली, "समे, दात-व्हट खाऊ नगंस." मी दात इतके आवळले होते की तिला ऐकू येत होते.

कडी नुसती ओढलेली होती. आज्जा आत कॉटवर बसला होता, सकाळी बघितला तसाच. आजीला बघून तो उठला नाही. मग म्हणाला, "कुटं गेलतीस? कुणाला इच्यारून गेलतीस?" आणि आवाज चढला. घरात माणूस उपाशी, चहा नाही, बायको गावभर. अडीच महिने त्याने काहीही मागितलं नव्हतं, व्हय म्हणत बसला होता, आणि ही दारात आल्याबरोबर त्याला ओरडायचं बळ आलं. "चुकलं," आजी म्हणाली. "बसा. चहा टाकते." तिचा चेहरा उजळला होता. मला दोघांचाही राग आला, तिचा जास्त. डबा टेबलावर होता. मी उघडला. रिकामा, आणि धुतलेला. सव्वा वाजला होता. नऊला ठेवलेला डबा. स्वयंपाकघरात खरकटं ताट नव्हतं. मी मागची खिडकी उघडली. खाली भिंतीला लागून भाकऱ्यांचा ढीग होता, खालच्या काळ्या, मधल्या हिरव्या, वरची आजची, आणि त्यावर मेथीची भाजी, मुंग्या, आणि एक कुत्रं सवयीने वर बघत उभं. काकूने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असणार, तात्या, डबा रिकामा झाला पाहिजे हं. त्याने तेवढं लक्षात ठेवलं होतं. जेवायचं कशाला ते विसरला होता, डबा रिकामा करायचा ते नाही. आणि त्या दोघांनी रोज संध्याकाळी डबा तपासला होता. माणूस तपासला नव्हता.

काकूची बालवाडी दीडला सुटते. ती आली, आणि मी काकाला फोनवर असं काही बोलले की तोही अर्ध्या तासात आला. मी दोघांना खिडकीशी नेलं. काकूने तोंडावर हात धरला. काका वाकून खाली बघू लागला, मग वळला. "तात्या, हे काय हो?" आज्जाची मान पुन्हा लाल व्हायला लागली, गळ्यापासून, बटणाच्या वर. "मी? मी कशाला टाकीन?" त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "काका, आजीला काही झालेलं नाही. विसरतो तो आज्जा. चार वर्षं झाली. माझा कागद चुकीचा..."

"खोटं हाय," आजी म्हणाली. हातात चिमटा होता, गॅसवर तवा. "ती पोरगी खोटं बोलतीया. भाकरी मीच टाकली. मीच. ताटात वाडायची इसरले आन् टाकली."

मग काका फार हळू म्हणाला, "आई, तू सांगलीला हुतीस."

तिने त्याच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "व्हय का," म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि तिने ती उलटली नाही. काकू पुढे झाली, गॅस बारीक केला, आणि बालवाडीतल्या मुलांशी बोलावं तशा आवाजात माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "आई, ही कोण हाय सांगा बरं?"

आजीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डोळ्यांत शोधत होते. तीन शक्यता होत्या, मी तिथे उभी राहून मोजल्या. ती त्याला झाकत होती, पुन्हा, माझा बळी देऊन. किंवा ती माझ्यावर मनापासून चिडली होती, कारण मी त्याला त्याच्या तोंडावर उघडं पाडलं होतं. किंवा तिलाही खरंच सुरू झालं होतं, गोळ्यांनी म्हणा, अडीच महिन्यांच्या एकटेपणाने म्हणा, नाहीतर असंच, कशानेही नाही. तिन्हींचा चेहरा एकच असतो. "कागदावर लिवून घेणारी बाई हाय ती," आजी म्हणाली. "घरोघर फिरती."

"बघ," काका मला म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. एक आजारी माणूस परवडतं, दोन नाही. "समीक्षा, तूच सांग आता. तू शिकलीयास. तिला खरंच आठवत न्हाई का?"

माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. "आठवतंय की," मी म्हणाले. "माझ्यावर चिडलीय, म्हणून म्हणते."

"कशावरनं?"

"मला माहितीय. ती इथंच राहणार. मंगळवारी डॉक्टरकडे दोघांना न्यायचं, आज्जाला पहिल्यांदा." काका मागे सरला. मी कधी त्याच्याशी असं बोलले नव्हते. आजीने पाठ फिरवली आणि करपलेली भाकरी बाजूला काढून दुसरी थापायला घेतली. आज्जाला ताट वाढलं. तो जेवायला लागला, अधाशासारखा, आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याचा एकेक घास बघत राहिली, त्याच्या जबड्याबरोबर तिचा जबडा हलत होता, रिकामाच. सकाळपासून तिच्या पोटात एक गोळी आणि चहा होता. मी दुसरं ताट घेतलं, त्यात करपलेली नाही ती भाकरी ठेवली, आणि आज्जाच्या ताटाशेजारी आपटलं. "मागनं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, "त्यांचं झाल्यावर." मी तिचं मनगट धरलं. ते माझ्या दोन बोटांत मावलं. आज्जा खायचा थांबून आमच्याकडे बघत होता, काका बघत होता. ती हात सोडवायला लागली, बरीच ताकद होती तिला, आणि मी आवळत गेले, तिला दुखेल इतकं. शेवटी तिने डाव्या हाताने घास मोडला, तोंडात घातला, आणि तो घशाखाली उतरलेला दिसेपर्यंत मी मनगट सोडलं नाही.